पूजेचा हात

जिल्ह्याच्या कचेरीतले कारकून, अहलकार विष्णुपंत दुपारी तपासणीला येणार होते, आणि सकाळपासून मुरुम गावच्या बिराजदारांच्या घरात कुणी कुणाशी सरळ बोललं नव्हतं. कारण एक कागद. बिराजदारांना भांडायला कागदच लागतो अशातला भाग नाही, आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यांचं भागतं. पण हा कागद तसा नव्हता.

तो आणला होता विरुपाक्षानं. धाकटी सून शिवकांता हिचा हा धाकटा भाऊ सोलापूरच्या गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होता. पौषात थोरल्या चुलत दिराच्या, माणिकप्पाच्या, सरकी काढायच्या जिनमध्ये इंजिनाचा पट्टा चढवताना शिवकांताच्या नवऱ्याचा, गुरुसिद्धप्पाचा, पंजा मनगटापासून तुटला, तेव्हा ‘सरकारात अर्ज करा’ हे पहिल्यांदा त्यानंच सांगितलं. इंग्रजी मुलखात कामगाराचा हातपाय गेला तर मालकाला भरपाई द्यावी लागते, आणि आता निजाम सरकारनंही तसाच कानून काढलाय, हे मुरुमात कुणाच्या गावीही नव्हतं. अर्ज गेला. विष्णुपंत एकदा येऊन पहिली जबानी घेऊन गेले. त्या जबानीची नक्कल विरुपाक्षानं काल कुणाच्या तरी ओळखीनं मिळवली आणि सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचायला घेतली.

“‘सीधा हाथ कलाई से कट गया’,” त्यानं वाचलं आणि तो थांबला. “अक्का, हे काय लिवलंय?”

“काय?” शिवकांतानं भाकरी तव्यावर टाकली.

“उजवा हात मनगटातनं गेला म्हणतंय.”

शिवकांतानं ओसरीकडं पाहिलं. गुरुसिद्धप्पा तिथं उजव्या हातानं सदऱ्याची गुंडी लावत होता, आणि डावी बाही रिकामी लोंबत होती.

“उजवा तर हाय की जाग्यावर. चुकून लिवलं असंल. उजव्याला काय जास्त देतेत का?”

“देतेत ना! कानूनात तक्ताच हाय. माणूस पुरता निकामी झाला तर बेचाळीस म्हैन्यांचा पगार. उजवा पंजा गेला तर त्यातले शेकडा साठ, डावा गेला तर शेकडा पन्नास. डोळ्याला तीस, अंगठ्याला पंचवीस. दाजींची म्हैन्याची खर्ची पंचवीस रुपये हाली, निजामी नाण्यातले. म्हंजे उजव्याचे सहाशे तीस, डाव्याचे पाचशे पंचवीस.”

“मग बरंच झालं की.”

“काय बरं झालं? साहेब आज हात बघाय येतोय. कागदावर उजवा आन् अंगावर डावा! खोटी जबानी ठरली की दावा खारीज. सहाशे न्हाय, पाचशे न्हाय, एक पै न्हाय.”

शिवकांता हातातलं पीठ झटकत उठली. पाचशे पंचवीस रुपये हे तिच्या लेखी रुपये नव्हतेच. ते उमरग्याच्या बाजारातलं एकदारी दुकान होतं. तिनं ते जाऊन पाहिलं होतं, आत तराजू कुठं टांगायचा तेही ठरवलं होतं. एक हाताचा नवरा आणि दोन पोरी घेऊन जन्मभर चुलत दिराच्या ताटाखालचं मांजर होऊन राहायचं नसेल तर ते दुकान हवं होतं. दुसरा रस्ता तिला दिसत नव्हता.

“साहेब पैल्यांदा आला तवा आमी दोघं सोलापूरच्या दवाखान्यात होतो,” ती म्हणाली. “त्याला जिन कुणी दाखवली? दूध कुणी पाजलं? तासभर कोण बोलत बसलं हुतं?”

“माणिकप्पाअण्णा.”

“मग झालं की. मुद्दाम उजवा लिवायला लावला. दावा आपसुक बुडावा म्हणून. गोड बोलून गळा कापतेत थोरले भाऊजी.”

हे बोलणं मधल्या भिंतीपलीकडं माणिकप्पाची बायको चन्नम्मा ऐकत होती. ऐकायचं म्हणून ऐकत नव्हती, पण कानात बोटं घालून उभी होती असंही नाही.

*

जिन घराच्या मागेच होती. माणिकप्पा तिथल्या खोलीत अंगरखा बदलत असताना चन्नम्मानं त्याला सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला आणि मग तो भडकला.

“म्या सांगितलं? म्या? अगं, त्या जॉबराचं काम हाय हे! त्या दिशी तोबी मुरुमातच हुता. गुरूची धोतरं न्यायला आला हुता न्हवं? शेकड्याला साठ आन् पन्नास हे कुणाला ठावं? त्यालाच ना? एकशेपाच रुपये वाढीव मिळतेत म्हणून साहेबाच्या कानात उजवा सोडून दिला. आन् आता अंगलट येतंय म्हणल्यावर माझ्या नावानं बोंब!”

“तुमी काय बोलला हुतात त्या दिशी साहेबाशी?”

“मला काय आठवतंय!”

पण त्याला चांगलं आठवत होतं. रुईच्या ढिगाशेजारी उभं राहून, डोळ्यांत पाणी आणून तो विष्णुपंतांना म्हणाला होता, “साहेब, गुरू म्हंजे माझा उजवा हात. माझा उजवा हातच गेला बघा.” ते पाणी खोटं नव्हतं. भावाला सोलापूरला नेताना यानं मोटार केली होती, दवाखान्याचं सगळं यानं भागवलं होतं, दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता. पण साहेबानं ते बोलणं शब्दाला शब्द उतरवलं असेल तर? चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माणिकप्पानं चोरी केली नव्हती, तरी चांदणं मात्र लख्ख पडलं होतं.

चन्नम्मा त्याच्या तोंडाकडं बघत होती. पंचवीस वर्षांच्या संसारात नवरा कधी गप्प होतो हे तिला पाठ झालं होतं. कुठंतरी पाणी मुरतंय, असं तिच्या मनानं घेतलं.

“तुमीच लिवायला लावलं असंल तर सांगा,” ती हळू आवाजात म्हणाली. “म्या कुणाला सांगत न्हाय. पण मला ठावं असू द्या.”

माणिकप्पाला हे फार लागलं. शेजाऱ्यानं संशय घेतला तर माणूस शिवी देतो, बायकोनं घेतला तर काय द्यायचं?

“उजवा असू दे न्हायतर डावा असू दे,” तो फणकाऱ्यानं म्हणाला. “भरपाई नोकराला मिळती. गुरू काय नोकर हाय? हजेरीत नाव हाय त्याचं? घरचा माणूस हाय तो. माझ्या काकाचा ल्योक. त्याला जन्मभर बसवून खाऊ घालीन, पोरींची लग्नं करीन. पण सरकारी कागदावर मला मालक आन् त्याला मजूर म्हणायचं? बिराजदारांच्या घराला हे शोभतं का?”

“दर म्हैन्याला पंचवीस रुपये देतो न्हवं आपण?”

“ती खर्ची. पगार न्हवं.”

पहिल्या तारखेला कपाटातून ते पंचवीस रुपये काढून दिराच्या हातावर ठेवणारी चन्नम्माच होती. घरच्या माणसाला खर्ची पहिल्या तारखेलाच का लागते, हा प्रश्न तिला आजवर पडला नव्हता. आज पडला, आणि तो तिला आवडला नाही.

*

गुरुसिद्धप्पाची पूजा व्हायची होती, म्हणून त्यानं पाण्याचा घोटही घेतला नव्हता. त्याच्या लिंगायत घरात इष्टलिंगाची पूजा डाव्या तळहातावर होते. लिंग डाव्या हातात घ्यायचं आणि उजव्यानं भस्म, बेल वाहायचा. सात वर्षांचा असल्यापासून त्यानं हे एक दिवस चुकवलं नव्हतं. आता तो लिंग उजव्या तळहातावर घ्यायचा आणि समोर बसून त्याची आई गंगम्मा बेल वाहायची. गावातले स्वामी म्हणाले होते, चालतं. देवाला चालत असेल. गुरुसिद्धप्पाला अजून चालत नव्हतं.

पूजा आटोपून आई उठली तशी शिवकांता आत आली आणि तिनं सगळं भडाभडा सांगितलं. तो ऐकत राहिला. तिला वाटलं तो भावावर चिडेल. त्यानं भलतंच विचारलं.

“तुमी भावा-बहिणीनं तर न्हाय ना हे केलं?”

“काय म्हणलात?”

“विरुपाक्ष त्या दिशी इथंच हुता. त्याला तक्ता तोंडपाठ. उजव्याला दहा टक्के वाढीव हायती हे अण्णाला काय ठावं?”

शिवकांताचे डोळे भरले. तीन महिने तिनं या माणसाला धोतर नेसवलं होतं, घास मोडून दिले होते.

“तुमचा हात तुटला, तवा तुमच्या अण्णानं तिसऱ्या दिशी इंजनवर दुसरा माणूस लावला. पगारावर. हजेरीत नाव घालून. तुमी अठरा वर्सं त्याच इंजनवर हुता, तुमचं नाव कदी घातलं का?”

“घरच्या माणसाचं नाव कशाला घालतील?”

“तेच तर!” ती म्हणाली. “घरचे हाव म्हणून नाव न्हाय. नाव न्हाय म्हणून भरपाई न्हाय. मग घरचं म्हणून मिळालं काय तुमाला? दिवाळीचं धोतर?”

तो रागावला. “आमच्या दोघांच्या मधी पडू नगंस,” एवढं बोलून तो बाहेर गेला. त्याला खरंच कळत नव्हतं की बायकोवर विश्वास ठेवावा की भावावर. दोघांवरही ठेवावा, हे त्या घरात त्या दिवशी कुणालाच सुचत नव्हतं. आणि गंगम्माला काही विचारावं, हे तर नाहीच नाही. ती आपली चुलीपुढं बसून राहिलेल्या भाकऱ्या करत होती. कागदाबिगदातलं म्हातारीला काय कळतंय, असं सगळ्यांचं एकमत होतं. त्या दिवसातलं तेवढंच एक.

*

विष्णुपंत मूळचे तुळजापूरचे. काळी शेरवानी, डोक्याला रुमाल, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ. सोळा वर्षांच्या नोकरीत त्यांनी एक गोष्ट शिकून घेतली होती, की जो सगळ्यात आधी पाट मांडतो त्याच्याकडं सगळ्यात आधी बघावं. पाट माणिकप्पानं मांडला. विष्णुपंतांनी तो नोंदला, दूध तेवढं घेतलं आणि ओसरीवर कागद पसरले.

“जखमी इसम कुठं आहेत? या, बसा. हात दाखवा.”

गुरुसिद्धप्पानं बाही वर सारली. विष्णुपंतांनी बघितलं, कागदाकडं बघितलं, परत हाताकडं बघितलं आणि टाक खाली ठेवला.

“हा डावा आहे.”

विरुपाक्षानं माणिकप्पाकडं बघितलं, माणिकप्पानं विरुपाक्षाकडं.

“कागदावर उजवा आहे. पहिली जबानी मी स्वतः लिहिली, माझं हस्ताक्षर आहे. आता मला सांगा, ही चलाखी कुणाची? सरकारात चुकीची जबानी देणं म्हणजे पोरखेळ वाटला काय?”

“साहेब, चलाखी कुणाची ते ह्या जॉबराला इचारा,” माणिकप्पा म्हणाला. “शेकडा साठचा हिशोब त्यालाच येतोय.”

“आन् तुमाला काय येतंय ते सांगू का?” विरुपाक्ष उसळला. “साहेबांना जिनमधी कोण फिरवत हुतं? उजवा लिवला की दावा बुडतो, हे कुणाच्या फायद्याचं हाय?”

“जीभ आवर, सोयऱ्या! माझ्या ओसरीवर बसून—”

“ओसरी तुमची एकट्याची न्हाय,” दाराआडून शिवकांता म्हणाली. थोरल्या दिरापुढं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली होती. माणिकप्पा बघतच राहिला.

मग त्याच्यानं राहवेना. पोटात दाबून ठेवलेलं बाहेर आलं. “साहेब, म्या तुमाला म्हणलो हुतो... गुरू माझा उजवा हात हाय, असं. तेच तर तुमी लिवलं न्हाय ना? म्या आपलं मायेनं बोललो हुतो.”

चन्नम्माच्या छातीवरचा दगड तिथल्या तिथं उतरला. तर एवढ्यासाठी गप्प होते व्हय! तिला नवऱ्याची कीव आली आणि थोडं हसूही आलं.

“मी खुळा नाही,” विष्णुपंत म्हणाले. “म्हण आणि जबानी यातला फरक मला कळतो. थांबा, माझं टिपण बघू.” त्यांनी शेरवानीच्या खिशातून छोटी वही काढली, पानं उलटली आणि मोडीतलं आपलंच अक्षर मोठ्यानं वाचलं. “‘जखमी इसम दवाखान्यात. मातोश्री गंगम्मा यांचे सांगणे, लेकाचा पूजेचा हात मनगटातून गेला.’ हे पाहा. पूजेचा हात. म्हणून मी ‘सीधा हाथ’ लिहिला. यात काय चुकलं?”

सगळ्यांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडं वळल्या. गंगम्मा पदराला हात पुसत दारात आली.

“अव्वा,” गुरुसिद्धप्पानं विचारलं, “तू बोलली हुतीस साहेबांशी?”

“व्हय की. पाणी मागाय आले हुते. कुठला हात इचारलं, म्या सांगितलं. माज्या लेकराचा पूजेचा हात गेला म्हणलं. बरुबर हाय की.”

“पूजेचा हात उजवा ना, बाई?” विष्णुपंत म्हणाले.

“उजवा कसा असंल? उजवा जेवायचा.” लिंग परक्यापुढं काढायचं नसतं, म्हणून तिनं नुसताच रिकामा डावा तळहात छातीपाशी धरला आणि उजव्या हाताच्या बोटांनी नसलेलं बेलाचं पान त्यावर ठेवलं. “हा बगा पूजेचा. देव ह्या हातावर बसतो. तुमच्यात कुठल्या हातावर बसतो?”

विष्णुपंतांनी आपल्या उजव्या हाताकडं बघितलं. चाळीस वर्षं याच हातानं त्यांनी देवीला कुंकू वाहिलं होतं. दुसऱ्या कुठल्या हाताला कुणी पूजेचा हात म्हणेल, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. त्यांचे कान लाल झाले.

“आमच्यात हातावर बसत नाही,” ते पुटपुटले. “चूक माझी. मी ती कागदावर माझ्या नावानिशी दुरुस्त करतो. कुणाची चलाखी नाही.”

ओसरीवरची हवा जरा हलकी झाली. विरुपाक्ष जमिनीकडं बघू लागला, माणिकप्पा छताकडं. गुरुसिद्धप्पानं दाराकडं बघितलं, पण शिवकांतानं तोंड फिरवलं. सकाळचं ती इतक्यात विसरणार नव्हती.

“म्हंजे साहेब,” गंगम्मानं विचारलं, “डाव्याला कमी देतेत म्हणं. सरकारच्या कागदात पूजेचा हात स्वस्त हाय व्हय?”

“सरकार पूजेचं बघत नाही, बाई. कामाचं बघतं.”

“दोन्ही हातांनी काम करत हुता की त्यो,” म्हातारी म्हणाली आणि उंबऱ्यातच बसली.

*

विष्णुपंतांनी ‘सीधा’ खोडून ‘बायाँ’ लिहिलं आणि बाजूला सही केली. चूक कबूल करावी लागली की माणूस पुढचं काम दुप्पट काटेकोरपणे करतो. त्यांनी नवा कागद ओढला.

“आता मुख्य मुद्दा. भरपाई कामगाराला मिळते. जखमी इसमाचा मालकाशी संबंध काय?”

माणिकप्पा याच प्रश्नाची वाट बघत होता. तो सावरून बसला.

“भाऊ, साहेब. माझा चुलत भाऊ. नोकर न्हाय. हजेरी बगा, नाव सापडणार न्हाय.”

“पंचवीस रुपये म्हैना घेत्यात!” विरुपाक्ष म्हणाला.

“ती खर्ची. भावाभावात पगार नसतो.”

विष्णुपंतांनी मान हलवली. “वाटण्या झाल्यात का तुमच्या?”

“छे! एक चूल हाय आमची,” माणिकप्पा अभिमानानं म्हणाला. “बापजाद्यांपासनं एकत्र.”

“जिन कुणाच्या पैशानं उभी राहिली?”

माणिकप्पा अडखळला. उत्तर उंबऱ्यातून आलं. “ह्या दोघांच्या बापांची नदीकडची जिमीन इकून,” गंगम्मा म्हणाली. “माझ्या मालकांचा अंगठा हाय त्या खरेदीखतावर.”

“असं असेल तर सोपं आहे,” विष्णुपंत म्हणाले. त्यांच्या आवाजात ना राग होता ना माया, काम उरकल्याचा आनंद तेवढा होता. “एकत्र कुटुंब, एकत्र पैसा. हे कामगार नाहीत, जिनचे शरीक मालक आहेत, निम्म्याचे. मालकाला भरपाई नाही. तसं लिहितो, दोघं सह्या करा. दावा इथंच निकाली.”

त्यांनी टाक दौतीत बुडवला.

निम्मी जिन! कुठं ते एकदारी दुकान आणि कुठं हे. शिवकांतानं दाराची चौकट घट्ट धरली. विरुपाक्षाच्याही ध्यानात आलं, आणि तो तोंड मिटून बसला.

गुरुसिद्धप्पाला मात्र जिन आठवली नाही. तो भावाच्या तोंडाकडं बघत होता. अठरा वर्षं लोक त्याला विचारायचे, काय रे, अण्णा पगार किती देतो? तो म्हणायचा, पगार कसला, घरचं काम हाय. त्या एका वाक्यावर त्यानं उन्हाळे-पावसाळे काढले होते, आणि बायको ते वाक्य खोटं आहे म्हणत होती. आता अण्णा फक्त ‘व्हय’ म्हणाला की ते खरं ठरणार होतं. पाचशे पंचवीस गेले तरी चालतील, हात गेला तोही चालेल, असं त्या घटकेला त्याला अगदी मनापासून वाटलं.

“थांबा,” माणिकप्पा म्हणाला.

टाक थांबला. लढाईमुळं रुईला कधी नव्हता असा भाव होता. मुलगा गुलबर्ग्याला शिकत होता. माणिकप्पानं मांडी बदलली.

“भाऊ तर हाय,” तो म्हणाला. “त्याला न्हाय कोण म्हणतंय? पण... कागदावर निम्मं-बिम्मं लिवायचं काय कारण न्हाय.”

“मग काय लिहू? रकाना एकच आहे. शरीक किंवा नोकर.”

“खाऊन-पिऊन घरात ऱ्हाणारा, म्हंजे...”

“शरीक की नोकर?”

माणिकप्पानं कुणाकडंही बघितलं नाही. “नोकर,” तो म्हणाला.

“मोठ्यानं सांगा. साक्षीदारांना ऐकू गेलं पाहिजे.”

“नोकर हाय. पगारी.”

उंबऱ्यात गंगम्मानं डोळ्यांना पदर लावला. विष्णुपंत लिहू लागले. “पगार?”

“पंधरा,” माणिकप्पा म्हणाला.

“पंचवीस.” चन्नम्मा पुढं आली होती. तिचा आवाज कापत होता, पण शब्द नाही. “दर पैल्या तारखेला म्या माझ्या हातानं देते. नोकर म्हणलात ना? मग पगार तरी पुरता सांगा.”

नवऱ्यानं तिच्याकडं अशा नजरेनं बघितलं की दुसरी एखादी माघारी गेली असती. ती तिथंच उभी राहिली.

“पंचवीस,” विष्णुपंतांनी लिहिलं. “बेचाळीस महिन्यांचे एक हजार पन्नास. शेकडा पन्नासप्रमाणे पाचशे पंचवीस हाली. दोन महिन्यांच्या आत कचेरीत भरावेत. या, सह्या करा.”

विरुपाक्ष गुरुसिद्धप्पाच्या कानाशी लागला. “दाजी, सही करू नगा. नोकर म्हणून सही केली तर उद्या जिनवर बोलायला तोंड राहणार न्हाय. हिस्सा मागा. म्या सोलापुरातनं वकील आणतो.”

“हिस्सा मागाय भाऊ लागतो, विरुपाक्षा,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. तो हळू बोलला नाही, त्यामुळं ते सगळ्यांना ऐकू गेलं.

कागद वाऱ्यानं हलत होता. दाबून धरायला दुसरा हात नव्हता. शिवकांता दाराआडून बाहेर आली, सगळ्यांसमोर त्याच्या डाव्या अंगाला बसली आणि तिनं कागदावर आपला तळहात ठेवला. दुकान मिळालं होतं, आणि तिला रडू येत होतं. गुरुसिद्धप्पानं सावकाश, एकेक अक्षर नीट काढत सही केली. मग कागद उचलून तो माणिकप्पापुढं धरला.

“घ्या मालक, तुमची सही ऱ्हायलीय.”

माणिकप्पानं झटकन वर बघितलं. “मालक काय म्हणतो रं मला? अण्णा म्हण की!”

“साहेबांनी दोनदा इचारलं,” गुरुसिद्धप्पा म्हणाला. “दोन्ही येळंला तुमीच सांगितलंसा.”